मारुतीच्या नवसाची दाढी

देवाला नवस बोलताना माणसानं थोडा विचार करावा, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी दाढी गळ्यापर्यंत आली होती आणि देवावरचा विश्वास गुडघ्यापर्यंत उतरला होता. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी मारुतीशी मनातल्या मनात भांडत होतो. आणि भांडण असं विचित्र, की चूक कोणाची ते दोघांनाही ठाऊक होतं.

मी वडनेर भोलजीचा. वडनेर ते नांदुरा वीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवली. आमच्या धंद्याचा नियम एकच, गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही, आणि भरली तरी रस्त्यात कोणी हात दाखवला तर सोडायचा नाही. पण घरोघरी मोटारसायकली आल्या. स्टँडवर दोन-दोन तास ओरडून चार सीटं मिळेनात. शेवटी जीप विकून जुनी कार घेतली आणि ठरवलं की मोबाईलवर बुकिंग येणाऱ्या ॲपच्या गाडीचा ड्रायव्हर व्हायचं. ती गाडी आमच्या भागात नुकतीच सुरू झाली होती. हे जमलं नाही तर म्हणून जावयानं दुसरी सोय पाहून ठेवली होती, पुण्याला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. राहायला खोली मिळणार, पण एकट्या माणसापुरती. म्हणजे बायको इकडे दोन म्हशींपाशी आणि मी तिकडे गेटापाशी. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, एक रात्रही तिच्या हातचं जेवलो नाही असं झालं नव्हतं. मला जायचं नव्हतं. अगदी नव्हतं.

म्हणून कागदपत्रं सुरू करायच्या आधी नांदुऱ्याच्या मोठ्या मारुतीपुढे उभा राहिलो. हायवेवरून येता-जाता वीस वर्षं त्याला नुसता हॉर्न मारून नमस्कार केला होता, आज उतरून हात जोडले. बायको हळूच म्हणाली, नारळ बोला. पण मला नारळ हलका वाटला. मी मोठ्यानं बोललो, "ॲपचं काम सुरू होईस्तोवर गालाले वस्तरा लावनार नाही." बायकोनं कपाळाला हात लावला. तिला माझी दाढी कधीच आवडली नाही.

ड्रायव्हर व्हायला काय लागतं म्हणाल, तर गाडी चालवता येणं सोडून सगळं लागतं. लायसन होतंच, त्यावर प्रवासी गाडीचा बॅज लागला. पोलिसांकडून चांगल्या वागणुकीचा दाखला लागला, त्यासाठी हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेला. डोळे तपासले, गाडीचं पासिंग झालं, पांढरी पाटी काढून पिवळी लावली, नवा विमा उतरवला. साडेतीन महिने गेले. प्रत्येक कागदावर फोटो लागायचा आणि मी आपला घरातला जुना गठ्ठा वापरत गेलो, सगळे तुळतुळीत दाढी केलेले. दाढी मात्र रोज वाढत होती. शेवटी फोनवर निरोप आला की सगळं मंजूर, आता फक्त आपला चेहरा कॅमेऱ्याला दाखवा.

मी दाखवला. डावीकडे मान, उजवीकडे मान, डोळे मिचकाव. लाल फुली आली, चेहरा लायसनशी जुळत नाही. बायको म्हणाली, "मलेच तुमी ओळखू येत नाही, त्या मोबाईलले काय येनार?" दुसऱ्या वेळी मी डोकं चालवलं. दाढी गोळा करून सदऱ्याच्या कॉलरमध्ये कोंबली, वरून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळला. उन्हाळ्याचे दिवस. फोन म्हणाला, कृपया चेहऱ्यावरचं कापड काढा. काढलं, तर दाढी भसकन बाहेर आली आणि पुन्हा लाल फुली. मग कंपनीच्या माणसाचा फोन आला, शुद्ध पुणेरी. म्हणाला, सर, अजून एकच संधी आहे, रविवारपर्यंत, नाहीतर आपलं खातं कायमचं बंद होईल. आपण दाढी का करत नाही? मी म्हटलं, काम सुरू झाल्याशिवाय करता येत नाही. तो म्हणाला, पण दाढी केल्याशिवाय काम सुरू होणार नाही.

जावयानं रविवारच्या संध्याकाळचं पुण्याच्या रेल्वेचं तिकीट काढून पाठवलं. बायकोनं बॅग भरायला घेतली. ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी, दोन टॉवेल. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी नांदुऱ्याला गेलो. मनात राग होता. नवस मोडावा तर देवाचा कोप, पाळावा तर पुण्याचं गेट. मंदिराबाहेर झाडाखाली एक म्हातारा पत्र्याची पेटी आणि आरसा घेऊन बसला होता, दाढी-कटिंगवाला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "नवसाची हाय का बाप्पा?" मी त्याच्या स्टुलावर बसलो आणि सगळी कहाणी सांगून टाकली. तो हसला नाही. वस्तरा पट्ट्यावर घासत ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुले वाटते का, तो तुह्यं काम करीन?"

"वाटते ना. म्हनून तं बोललो."

"मंग झालंच म्हन. झाल्या कामाची दाढी काऊन ठेवून राह्यला?"

मी म्हटलं, आणि नाही झालं तर? तो म्हणाला, "तं पुन्हा उगते. वावरात पेरलेलं सारंच उगवत नाही, दाढी तं उगवतेच."

त्याचं बोलणं मला काळजाला लागलं. साडेतीन महिने मी देवाला सांगत होतो, आधी तू कर, मग मी करतो. त्याला विश्वास म्हणत होतो, पण ती अट होती. मी उठून आत गेलो, हात जोडले आणि एवढंच म्हणालो की मी अट मागे घेतो. पुण्याला पाठवायचं असेल तर पाठव, तिथेही तुझंच नाव घेईन. हे म्हणालो खरं, पण मला अजूनही जायचं नव्हतं. बाहेर येऊन स्टुलावर बसलो आणि डोळे मिटले.

दाढी गेली. खालचे गाल वरच्या गालांपेक्षा गोरे निघाले, चेहरा दोन माणसांचा मिळून केल्यासारखा. तिथेच फोन काढला. डावीकडे मान, उजवीकडे मान, डोळे मिचकाव. हिरवी खूण आली. मला रडू फुटलं. म्हातारा घाबरून म्हणाला, "लागलं का बाप्पा?"

घरी बायकोनं दारात पाहिलं आणि विचारलं, कोण पाहिजे? मग पदरात तोंड घालून हसली, रडलीही. रात्री तिनं बॅगेतलं पीठ परत डब्यात ओतलं.

रविवारी संध्याकाळी, माझी रेल्वे सुटायच्या वेळेला, मी नांदुरा स्टेशनवरच होतो. पण बाहेर, माझ्या कारमध्ये. ज्या रेल्वेनं मी जाणार होतो तिच्यातूनच उतरलेल्या एका बाईंनी मला बुक केलं होतं. त्या मागे बसल्या आणि मी दार उघडून बाहेर उभा राहिलो, "वडनेर, वडनेर, चला एक सीट!" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काका, निघायचं ना?" मी म्हटलं, "थांबा जी, भरू द्या." त्यांनी समजावून सांगितलं की त्यांनी अख्खी गाडी केली आहे. अख्ख्या गाडीत एक माणूस! वडनेर येईपर्यंत मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी पेढे घेऊन गेलो. झाडाखाली कोणी नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. फूलवाल्या मावशींना हात जोडून विचारलं, ते म्हातारे कोण होते? मला वाटलं होतं, त्या म्हणतील, इथे असं कोणी बसतच नाही. मावशी म्हणाल्या, "तो? सोनाळ्याचा हाय, जेवाले गेला. साऱ्या दाढीवाल्याईले तो तेच सांगते भाऊ. धंदा हाय त्याचा."

मी मारुतीकडे पाहून पोट धरून हसलो. त्याला मला हाक मारायची होती आणि हाताशी जो माणूस होता त्याच्याकरवी त्यानं मारली. म्हाताऱ्याला चार दाढ्या मिळाल्या, मला घर मिळालं. यात चमत्कार किती आणि धंदा किती, ते मोजायला मी कोण? माझी बॅग खुंटीला आहे आणि संध्याकाळी ताटात गरम भाकर पडते, तेवढ्याचं ऋण मानून मी त्याच्यापुढे डोकं टेकतो.

आता दर शनिवारी त्याच स्टुलावर बसतो. म्हातारा साबण लावता लावता विचारतो, "आज काही मांगायचं हाय का देवाले?" मी म्हणतो, "काहीच नाही बाबा. दाढी तेवढी चांगली कर. उद्या सकाळी गाडी काढाच्या आधी पुन्हा फोनले तोंड दाखवा लागते."