आर्गिरोची तीन पिंपं

ज्या तापात निकिफोरोस गेला, त्याच तापात आर्गिरोच्या तोंडाची चव गेली. नवरा गेल्याचं दुःख गावाने पाहिलं. चवीचं मात्र तिने कुणालाच कळू दिलं नाही.

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरच्या वाऱ्यात वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवाव्या लागतात. ते काम निकिफोरोसचं. तळघर आर्गिरोचं. तिथे तीन पिंपं होती: असिर्तिको द्राक्षांची धारदार वाइन, अथिरीची मऊ आणि आयदानीची सुवासिक. तिन्हींचा मेळ लग्न होऊन आल्यापासून तीच घालायची. या वाइनमध्ये गोडाचा लवलेश नसतो, त्यामुळे चूक झाकता येत नाही. सून झाम्बेता चीजसाठी नावाजलेल्या नाक्सोस बेटावरची. ती पिंपांजवळ आली की आर्गिरो म्हणायची, “तुम्ही चीजवाली माणसं. जिभेवर सदा साय.” सून हसून बाजूला व्हायची.

निकिफोरोसच्या चाळिसाव्या दिवसाचं, त्याच्या आठवणीतलं जेवण आता जवळ आलं होतं. पिंपांतली वाइन त्याने खुडलेल्या शेवटच्या द्राक्षांची होती. दर वर्षीचं पीक निराळं, त्यामुळे जुनं प्रमाण उपयोगाचं नव्हतं; आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही.

तिने सुनेला तळघरात बोलावलं. समोर पिवळ्या वाटाण्यांचं घट्ट वरण, त्यावर कांदा, आणि बाजूला खारवलेला बांगडा ठेवला. तीन वेगवेगळे मेळ घातलेले तीन पेले ठेवून ती म्हणाली, “जेव. मधेमधे पीत जा.”

पहिल्या पेल्यानंतर झाम्बेताने पाण्याचा तांब्या ओढला. म्हणजे धार जास्त झाली होती. दुसऱ्यानंतर तिने बांगडा बाजूला सारला. वाइन मऊ पडली होती आणि माशाचा उग्र वास वर यायला लागला होता. तिसऱ्या पेल्यानंतर तिचा हात आपोआप पुन्हा ताटाकडे गेला.

“हाच,” आर्गिरो म्हणाली.

झाम्बेताने हात थांबवला. “आई, तुम्ही एकही घोट घेतला नाहीत.”

आर्गिरो पिंपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “मला सगळं पाण्यासारखं लागतं गं. तो गेला तेव्हापासून.”

सुनेने तिसरा पेला पुन्हा भरला आणि बांगड्याचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावून झाल्यावर ती म्हणाली, “आयदानी किंचित वाढवा. मामंजींना वास आवडायचा.”

आर्गिरोने वाढवली.

जेवणाच्या दिवशी चर्चमधून सगळे घरी आले. माशाचं सार झालं, वरण आणि बांगडा झाला. शेजारचा स्तामातिस दर वर्षी वाइनला नावं ठेवायचा, मग पिंप रिकामं करायला सर्वांत आधी यायचा. तो आज मान खाली घालून जेवत होता. त्याने नावं न ठेवता पेला पुढे केला. मग सगळ्यांचे हात ताटाकडे गेले, पेल्याकडे गेले, पुन्हा ताटाकडे आले. आर्गिरो प्रत्येक हात पाहत होती.

“आर्गिरो, तुझी जीभ अजून शाबूत आहे बरं,” स्तामातिस शेवटी म्हणाला.

“माझी नाही,” ती म्हणाली. “सुनेची.”

झाम्बेताने खाली पाहिलं. आर्गिरोने स्वतःचा पेला उचलला आणि एक घोट घेतला. काहीच लागलं नाही. निकिफोरोस बांगड्याच्या तुकड्यावर घोट घ्यायचा, तसाच तिने तुकडा उचलला आणि दुसरा घोट घेतला.