आक्कासाठी आणलेली सफरचंदं

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आजची घरची हकीकत लावतो आहे, कारण खडेबाजारात सफरचंदं घेताना मला पाहून तुमच्यापैकी दोघांनी विचारलंच, "कोण आजारी?"

माझी थोरली बहीण आक्का खानापूरहून आली आहे. तिला बारीक ताप. फळांचा तो लाल रंग बघून मला शाळेत चालीवर म्हटलेल्या फळाफुलांच्या कविता आठवल्या, आक्कालाही बरं वाटेल म्हणून काल मी सफरचंदं घेतली. आक्काला ती पाहून भलतंच आठवलं.

"सफरचंद आणलास व्हय रं? म्हंजे डॉक्टरनं हात टेकले."

आमच्या गावात हे फळ शेवटच्या दुखण्यातच घरात यायचं. आक्कानं पेजही परत केली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

आज दुपारी सून सुमतीनं तीच सफरचंदं चिरून, अंडं न घालता, दही घालून केक केला. कॅम्पातल्या मैत्रिणीकडून शिकलेली रीत. शेगडीवर पातेलं, झाकणावर निखारे. घरभर दालचिनीचा वास सुटला. सगळ्यांना तुकडे दिले, आक्काला सोडून.

"मला गं?"

"आत्या, तुम्ही तर जायला निघालाय न्हवं?"

आक्का उठून बसली. "सगळं घर खातंय, म्हंजे हे आजाऱ्याचं न्हाय. आण हिकडं. कडेचा दे, खरपूस."

ताप अजून आहे. पण रात्रीसाठी तिनं पेज मागितली आहे.

मंडळी, धडधाकट माणसासाठी सफरचंद कुणी कधी घेतलंय का? मी तरी या वयापर्यंत घेतलेलं नाही.