जर्मन बापाचं मधलं नाव

तलाठी म्हणून मी तीस वर्षं काढली, जानेफळला, सुलतानपूरला, आणखी कुठंकुठं. वारस नोंदीला आलेल्या माणसावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथलीच. मेलेल्याचे मुलगे म्हणून उभे राहिलेले परके लोक मी पाहिलेत, तेही डोळ्यांत पाणी आणून.

निवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून मेहकरला घरी बसून इंटरनेटवरच्या एका गटात शिरलो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर बॉम्ब टाकायला गेलेली आणि पडलेली जर्मन विमानं, त्यांतली माणसं, त्यांच्या कबरी, यांच्या याद्या हे लोक जुळवतात. यादी म्हटली की माझा जीव रमतो.

तिथं जर्मनीतल्या एका म्हातारीचं पत्र माझ्या वाट्याला आलं. बाप विमानात बिनतारी यंत्रावर होता, ती आईच्या पोटात असताना गेला. इंग्लंडमधल्या एका कबरीवर ती दरवर्षी फुलं ठेवून येई. हाच माझा बाप ना, एवढं मरायच्या आधी कोणीतरी नक्की सांगा, असं तिचं म्हणणं.

मला लगेच वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. इतकी वर्षं फुलं ठेवली आणि आता विचारते? यादीत त्याच नाव-आडनावाची दोन माणसं निघाली. एक त्या कबरीतला, दुसरा समुद्रात पडलेला, त्याचं प्रेतही सापडलं नव्हतं. जन्मतारीख कबरीतल्याची जुळत होती, पण तारखेला मी कशाला भुलतो? शाळेच्या दाखल्यावर आमच्या अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा. मी पाहिलं मधलं नाव. तिच्या पत्रात आजोबांचं, म्हणजे बापाच्या बापाचं, नाव होतं. ते समुद्रातल्याच्या मधल्या नावाशी तंतोतंत जुळलं, कबरीतल्याच्या नाही. विषय संपला.

बायको दुसरबीडची. मागं उभी राहून म्हणाली, "बाई बापाची जागा विचारून राह्यली, वावर नाही मागून राह्यली. तिच्यावर काऊन शक घेता?"

"तुले नाही समजत," मी म्हणालो, आणि कळवून टाकलं: तो तुमचा बाप नव्हे, तुमचे वडील समुद्रात गेले, त्यांना कबर नाही. पुरावा लिहिला नाही. पुरावा सांगितला की खोटा माणूस पुढच्या खेपेला तो दुरुस्त करून आणतो. तिनंही विचारला नाही, आभार मानले. तेव्हा तर माझी खात्रीच पटली, खरा वारस असता तर भांडला असता.

चारेक महिन्यांनी दुसऱ्या एका विमानाच्या यादीत दोन सख्खे भाऊ सापडले. बाप एकच, मधली नावं दोन.  गटात विचारलं, तर उत्तर आलं की मधलं नाव बापाचं कशाला असेल, ते त्या माणसाचंच दुसरं नाव, बारशाला ठेवलेलं. माझी अक्कल पेंड खायला गेली होती. लाज वाटलीच, पण भीती जास्त वाटली, म्हातारी हेच खरं धरून मेली तर? त्याच दिवशी तिला लिहिलं: माफ करा, तारीख जुळते, आता पाहिलं तर गावही जुळतं, कबरीतलेच तुमचे वडील. सोबत सगळे कागद जोडले.

आठ दिवसांनी तिचं उत्तर आलं. ह्या वर्षी ती कबरीवर गेली नव्हती, परक्या माणसाला कशाला फुलं, म्हणून. खाली लिहिलं होतं, "खात्री मला आधीही होती, फक्त ती कोणाच्या तरी तोंडून ऐकायची होती. आता तुम्ही सांगूनही ती वाटत नाही."