सावधगिरीचा तास

आता काय सांगू तुम्हाला, माझ्याच वर्गात मी भामटी ठरले! तेही तिसरीच्या पोरांसमोर!

झालं असं, की मी बारावीत. आमच्या कॉलेजची काही मुलं दर शनिवारी तुळिंजच्या एका शाळेत जातात आणि लहानग्यांना पैशांचे व्यवहार शिकवतात. माझ्या वाट्याला तिसरी आली. पहिलाच विषय, फसवणूक कशी ओळखायची. मी फळ्यावर लिहिलं, जो पैसे मागतो, घाई करतो आणि 'घरी सांगू नका' म्हणतो, तो भामटा! पोरांनी घसा फोडून घोकलं. मी खूश!

पुढच्या शनिवारी बचतीचा धडा. चंदनसारच्या एका काकांशी बोलून मी मातीचे गल्ले स्वस्तात ठरवले होते. उत्साहाच्या भरात म्हटलं, "खाऊचे दहा-दहा रुपये काढा पटापट! आजच हवेत हं. आणि आईला अजिबात सांगू नका. दिवाळीला भरलेला गल्ला दाखवून चकित करायचं!"

पोरं फळ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायला लागली.

पहिल्या बाकावरची सानिया उठली. "ताई, पानी पिऊन येते."

मला काय ठाऊक, तिचं पाणी समोरच्या चाळीत होतं! आली ती आईला घेऊन. मागे शेजारणी. एकीच्या हातात तर लाटणं!

"पोरांकडनं पैसे मागते काय गं?"

"अहो काकू, मी शिकवते इथे!"

"मग आयकार्ड दाखव."

आयकार्ड घरी. वर्गाच्या बाई रजेवर. आवाज ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई आल्या, त्या नवीन, मला ओळखतच नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, "पोलिसांना बोलवा!" मोबाइलची बॅटरी संपलेली. शेवटी नव्या बाईंच्या फोनवरून आईला लावला. स्पीकरवर.

"आई, मी शाळेत अडकलेय गं! मला धरून ठेवलंय. तू लगेच..."

"कोण बोलतंय?"

"अगं मीच! रडू येतंय म्हणून आवाज..."

"हे बघ, माझ्या मुलीनं मला सगळं शिकवलंय. अनोळखी नंबरवरून कोणी रडत फोन केला की समजायचं, चोर आहे. पुन्हा फोन केलास तर पोलिसात देईन!"

खट्!

मग टाळ्यांचा कडकडाट. माझ्या आईसाठी!

बऱ्याच वेळानं मुख्याध्यापिका आल्या, त्यांनी मला ओळखलं आणि हसता हसता खुर्चीतच बसल्या. सानियाच्या आईनं घरून चहा आणला. म्हणाली, "राग नको मानू हां बेटा."

राग कसला? पोरांना धडा पाठ झाला होता, अजून काय हवं? मी रुबाबात सानियाला विचारलं, "काय मग, पुढच्या शनिवारी काय शिकायचं?"

ती जरा घुटमळली. "ताई, तू नको येऊ. तुझ्या आईला पाठव ना."