आवाज नसलेलं रीळ

धुळ्यातल्या एका ग्रंथालयात मी जुनी कागदपत्रं लावायचं काम करते. मागे शिरपूरकडच्या एका कुटुंबाने लोखंडी ट्रंका आणून दिल्या. ज्यांच्या होत्या ते हवाई दलात वैमानिक होते. नोकरी संपल्यावर त्यांनी माहितीपट काढले. लग्न केलं नव्हतं. ते वारल्यावर पुण्यातली खोली रिकामी करताना पुतण्याने सगळं उचलून आणलं.

मी दोन भाग केले. एकीकडे उड्डाणांच्या नोंदी, नकाशे, बदल्यांचे हुकूम. दुसरीकडे पटकथा आणि नाकारलेले प्रस्ताव. नाकारलेलेच जास्त होते. माणूस शिस्तीचा, प्रत्येक गोष्टीवर विषय लिहिलेला. फक्त एका रिळाचा डबा कोरा होता. आतून आंबट वास यायला लागला होता, म्हणजे फिल्म खराब होत होती. मुंबईला पाठवून ती संगणकावर उतरवून घेतली.

चित्र आलं, आवाज नव्हता. शेताचा बांध, सोडलेली बैलगाडी, निंबाखाली एक बाई. ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते आणि तिथेच रीळ संपतं. मी नोंद केली, ‘अनोळखी स्त्री, शेतात.’ पुतण्यालाही ओळख पटेना. तो म्हणाला, “आत्याला घेऊन येतो.”

आत्या म्हणजे वैमानिकांची धाकटी बहीण. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही तेच म्हणाले. पडद्यावर बाई दिसली तशी अक्कांनी खुर्ची पुढे ओढली.

“मनी माय शे,” त्या म्हणाल्या. “परत लाव.”

दोन-तीनदा बघून झाल्यावर त्या पडद्यावरच्या आईच्या ओठांबरोबर बोलायला लागल्या. “ते ठेवी दे. पहिले जेवी ले.”

“अक्का, नक्की हेच म्हणतायत?” मी विचारलं.

“मी तठेच व्हतू. भाकर मीच लयेल व्हती.”

“मग काकांनी चित्रण अर्ध्यात का सोडलं?” पुतण्या म्हणाला.

अक्कांना प्रश्नच कळला नसावा. “तो जेवाले बसना ना,” त्या म्हणाल्या. भाऊ जेवायला बसला, म्हणून कॅमेरा थांबला, एवढंच.

हे चित्रण माझ्या दोन्ही भागांत बसत नव्हतं. मी वेगळी फाईल केली आणि आईचं बोलणं बहिणीच्या सांगण्यावरून म्हणून नोंदलं. याला पुरावा काय, असं आमच्या वरिष्ठांनी विचारलं. बहीण तिथे हजर होती, असं मी सांगितलं. त्यांनी सही केली.

निघताना अक्कांनी भावाचा एखादा फोटो मागितला. ते विमानाशेजारी गणवेशात उभे आहेत अशा एका फोटोची प्रत मी काढून दिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिली. भाऊ त्यांना वाळलेला वाटला.

“बारीक दिखी ऱ्हायना,” म्हणाल्या, आणि पिशवीत ठेवून पुतण्याबरोबर स्टँडकडे गेल्या.