मास्तरांच्या डोक्यातली मापं

आमच्या उस्मानपुऱ्यातले शिंपी मास्तर शर्टापासून ब्लाउजपर्यंत सगळं शिवत. पण माप कधी लिहून घेत नसत. दोन वर्षांनी आलेल्या गिऱ्हाइकालाही टेप न लावता सांगत, "तुमचा डावा खांदा जरा खाली हाय, ध्यानात हाय माझ्या." शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान. त्या डोक्याचं मला फार कौतुक होतं, हे आधीच सांगतो. पुढं कौतुकाचं फारसं काही नाही.

मास्तर भरदुपारी चहाच्या कपातून दारू प्यायचे आणि ते कुणाला कळत नाही असं समजायचे. "घेतली की डोकं तेज चालतं, भाऊ," असं वर मलाच ऐकवायचे. हे तेज डोकं हातात कात्री धरून कात्री शोधायचं. सकाळी कापड टाकून गेलेल्या माणसाला संध्याकाळी विचारायचं, "पहिल्यांदाच आलात का?"

विसरलो, हे मात्र कधी कबूल नाही. आठवलं नाही की तिथल्या तिथं काहीतरी रचायचे. एकाचं पँटचं कापड सापडेना, तर बेधडक म्हणाले, "तुमचा पाचोडचा मेव्हणा घेऊन गेला की!" त्या माणसाला मेव्हणाच नव्हता. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, ते खोटं बोलत नाहीत. दारूनं आठवणींना भोकं पडलीत, ती डोकं आपलं आपण बुजवतंय. असेल. पण ती भोकं रोज पाडत कोण होतं? मला काही त्यांची कीव आली नाही. निदान वहीत लिहा म्हटलं, तर फणकारले, "वही लागते बिनडोक्याला."

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुरेखाचं लग्न ठरलं. लग्नाचं ब्लाउज मीच शिवणार म्हणून हटून बसले. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नको म्हणत होत्या, पण सुरेखाच म्हणाली, "शिवू द्या बाबाला. मला त्याच्या हातचंच घालायचंय." ती माप द्यायला उभी राहिली, तर मास्तरांनी टेपही लावली नाही. "बापाला लेकीचं माप ठाऊक नाय व्हय?"

हळदीच्या सकाळी ब्लाउज आलं. काठ बरोबर जुळवलेले, टाका न् टाका सुबक. पण सुरेखाचा हात बाहीत कोपराच्या वर जाईना. आठ वर्षांच्या पोरीला बसावं एवढंच ते होतं.

"बाबा, हे कुणाचं माप?"

"तुझंच. परवाच नाय का घेतलं, शाळेच्या ड्रेसला?"

सुरेखा तिसरीत असताना घेतलेलं ते माप. त्यानंतरची सगळी वर्षं ती त्याच घरात, त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती. "म्हणजे त्याच्यानंतर तू मला बघितलंच नाय," एवढंच ती म्हणाली. मास्तर टेप गळ्यात अडकवून निवांत उभे होते. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नसेल.

लग्नात तिनं मावशीचं ब्लाउज घातलं. पाठवणीच्या वेळी मास्तर ज्याला त्याला तेच ब्लाउज बोटानं दाखवत होते, "बघा, माझ्या हातचं हाय." सुरेखानं ऐकलं. "व्हय," म्हणाली, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून गाडीत बसली.