कडी कोणी वाजवली

"थांबा. घाई जाणाऱ्याला नसते, राहणाऱ्यांना असते."

घाटावर पिंड मांडून झाले की गुरुजी हे म्हणायचे आणि कपाळावर आडवा हात धरून वर बघत उभे राहायचे. तुम्ही कोणाच्या दहाव्याला गेला असाल तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. माणसं लांब सरकून उभी, पिंड उन्हात, आणि कावळा काही खाली येत नाही. मग एक जण हात जोडून म्हणतो, धाकट्याचं लग्न करून देऊ. दुसरा म्हणतो, आईला अंतर देणार नाही. कावळा आपला तारेवर. आला तरी भानगड असते. चोच लागली का नुसती सावली पडली, यावरून सख्खे भाऊ भांडताना मी बघितले आहेत. अशा वेळी सगळे गुरुजींच्या तोंडाकडे बघत. ते म्हणत, "शिवला." संपलं. लोक आंघोळीला वळत.

तिथे डोकी करायचं काम माझं. केडगावात माझं केस-दाढीचं दुकान आहे, आणि सीनेच्या घाटावरचं हे काम बापाकडून आलेलं. मी चौथीपर्यंत गेलो, तीही पुरी नाही. पण हात अजून थरथरत नाही. मुलं पुण्याहून सांगायची, दुकान बंद करा, इकडे या. मी म्हणायचो, वस्तरा हातातून पडला की येतो. आता ती सांगत नाहीत.

गुरुजी माझ्यापेक्षा वयाने लहान, तरी मला 'तू' म्हणत आणि मी त्यांना 'तुम्ही'. घाटावर तशी रीत. पण त्यांची बायको वारल्यावर ते संध्याकाळचे माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी चहा मागवला तर म्हणाले, "कागदी कप आहे का रे?" मी म्हटलं, "माझ्या दुकानात कागदाचा कप न्हाई. काचेचा ग्लास हाय. नको आसल तर ऱ्हाऊ द्या." त्यांनी ग्लासाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फुंकर मारून चहा प्यायले. "साखर जास्त आहे," एवढंच म्हणाले.

घरी त्यांचा टीव्ही होता. चांगला, माझ्या दुकानातल्यापेक्षा मोठा. पण म्हणायचे, "एकट्याने लावला की स्वयंपाकघरात कोणी बोलतंय असं वाटतं. उठून जावं तर कोणी नसतं." दुकानात ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसत, आरशाकडे तोंड करून, आणि मागच्या भिंतीवरचा टीव्ही आरशात बघत. उलटी अक्षरं त्यांना चालत. मी बाकावर. असं आम्ही ती मालिका बघितली. नाव मला कधी नीट आलं नाही. आम्ही तिला 'हरवलेल्याची' म्हणायचो.

एका गावातला तरणा मुलगा घरातून निघतो आणि नाहीसा होतो, अशी ती गोष्ट. एक बाई फौजदार त्याला शोधते. दर आठवड्याला नवीन माणसावर संशय. मग विहिरीत त्याचं घड्याळ सापडतं, एक चप्पल सापडते. आई रोज त्याचं पान वाढून ठेवते. सगळा केडगाव बघत होता. शेजारचा टायरवाला तर पंक्चर अर्धं टाकून यायचा.

आता जे केडगावात सगळ्यांना माहीत होतं ते तुम्हालाही सांगतो. गुरुजींना एक मुलगा. भिक्षुकी नको म्हणाला आणि शिर्डीला एका हॉटेलात कामाला लागला. एक दिवस पिशवी घेऊन हॉटेलातून निघाला, तो घरी आला नाही आणि कामावरही परत गेला नाही. तक्रार झाली, पेपरात फोटो झाला. आई वाट बघून गेली. गुरुजी महिन्यातून एकदा एसटीने शिर्डी गाठत. दर्शनाला नाही. चपला ठेवतात तिथे समोर दिवसभर बसून येणाऱ्यांची तोंडं बघत. "सगळ्या देशाचे लोक येतात तिथे, नाना," मला सांगायचे. "एखादा आपलाही येईल."

तर मालिकेचा शेवटचा भाग. दुकान भरलेलं. आई चुलीपाशी बसलेली. बाहेर फाटकाची कडी वाजते. ती पदराला हात पुसते, दारात येते. फक्त तिचा चेहरा दिसतो. समोर कोण आहे ते दाखवतच नाहीत. ती म्हणते, "आलास? पाय धू. पान वाढते." आणि काळोख. नावं वर सरकायला लागली.

मी पडदा बघत नव्हतो. आरशात गुरुजींचं तोंड बघत होतो. ते खुर्चीत पुढे वाकले होते, दाराशी कोणी आल्यावर माणूस उठतो ना, तसे.

टायरवाला ओरडला, "आरं पण कोण आलं? दावा की! वरीसभर बसलो का हितं?"

खुर्ची अडलेली म्हणून मी एका गिऱ्हाइकाला बाकावरच साबण लावला होता. तो तसाच, एका गालाला फेस घेऊन म्हणाला, "फौजदारीण आली आसंल. बातमी द्यायला."

"फौजदारीन आल्यावर 'आलास' म्हनंल व्हय रं?"

"येडी झाल्याली म्हातारी. काय बी म्हनंल."

असा गलका झाला, आणि मग सगळे गुरुजींकडे बघायला लागले. घाटावर बघतात तसेच. गुरुजींनी खुर्ची आमच्याकडे फिरवली आणि म्हणाले, "आला."

मी म्हटलं, "मेला."

मला त्यांच्या मुलाचं ठाऊक होतं. तरी म्हटलं. जे दिसतं ते मी बोलतो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून दुसरं बोलत नाही. माझी बायको होती तेव्हा तिलाही हे आवडायचं नाही. मी सांगितलं, "इहिरीत घड्याळ हाय, चप्पल हाय. आजून काय पायजे?"

"घड्याळ माणूस काढून ठेवतो."

"इहिरीत?"

"मग कडी कोणी वाजवली?" गुरुजींचा आवाज चढला. "मेलेला कडी वाजवतो?"

"वारा वाजवतो."

ते उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि चहा न पिता गेले.

मालिका संपली पण हे भांडण संपलं नाही. घाटावरसुद्धा चालू. गुरुजी यजमानाला पाणी सोडायला लावत आणि मधेच माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणत, "वारा असता तर चूल फडफडली असती. नीट जळत होती." मी समोरचं डोकं ओलं करता करता म्हणायचो, "चूल आत व्हती, फाटक भायेर." यजमान बिचारा घाबरून विचारायचा, "गुरुजी, माझं काही चुकलं का?" चार दिवसांनी ते दुकानातही यायला लागले. टीव्ही बंदच. तो लावायची गरज नव्हती. लोकांना वाटायचं आमचं बिनसलंय. खरं तर दिवस मावळताना कोणी येणार आहे, येऊन वाद घालणार आहे, हे मला बरं वाटत होतं. मीच मुद्दे शोधून ठेवायचो.

त्यातच त्यांची बहीण पारनेरहून आली. माझ्या दुकानाच्या पायरीवरच तिने त्यांना गाठलं. म्हणाली, "दादा, बारा वर्षं केव्हाच उलटली. आता विधी कर. वहिनी गेली. माझ्या पोराचं लग्न ठरत नाही, सगळे म्हणतात घरात माणूस अडकलाय."

हरवलेल्या माणसाचा बारा वर्षांनी विधी करतात. पळसाच्या देठांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, त्याला अग्नी द्यायचा, मग दहावं, बारावं सगळं. गुरुजींनी दुसऱ्यांचे असे विधी केले होते. डोकी मी केली होती.

ती गेल्यावर टायरवाल्याने विचारलं, "गुरुजी, समजा जाळलं, आन् मानूस परत आला तर वो?"

गुरुजी एकदम खुलले. "त्याचंही शास्त्र आहे! तो परत जन्मला असं धरायचं. तुपाच्या रांजणात बसवून बाहेर काढायचा. मग बारसं. चाळीस वर्षांचा असला तरी पाळण्यात घालून नाव ठेवायचं. मग मुंज. आणि स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"तिनं न्हाई म्हन्लं तर? येकदा सुटली, पुन्ना कशाला आडकंल?"

आम्ही लई हसलो. गुरुजी सगळ्यात जास्त. उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "एवढा मोठा घोडा, पाळण्यात कुठे मावायचा रे तो. उंच होता."

काही दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला. "नाना, घाटावर ये. माझंच काम आहे." मी पेटी उचलली. वाटेत ध्यानात आलं, धाकट्यासाठी थोरल्याने डोकं करायचं नसतं. बाप मुलासाठी करत नाही. मग मला कशाला बोलावलं? तरी गेलो.

ते एकटेच होते. बहिणीलाही कळवलं नव्हतं. पळसाच्या देठांचा माणूस करून वाळूवर निजवला होता. नीट केला होता. दुसऱ्यांचा करत त्यापेक्षा लांब.

"तुझं काही काम नाही आज," म्हणाले. "नुसता बस."

मी विचारलं, "दुसरा गुरुजी न्हाई बोलावला?"

"त्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडून तसं ऐकवणार नाही मला."

ते बसले. हातात पाणी घेतलं. मंत्र मला कळत नाहीत, पण इतकी वर्षं ऐकून कुठे काय येतं ते ठाऊक आहे. गोत्र आलं. मग मुलाचं नाव आलं. नावाला लागूनच 'प्रेत' म्हणायचं असतं. त्या माणसाने तो शब्द किती लोकांच्या नावापुढे लावला असेल, मोजदाद नाही. भरभर, पुढच्या शब्दाकडे जाता जाता. आज नावाशी येऊन थांबले. पाणी बोटांतून गळून गेलं. पुन्हा घेतलं. पुन्हा नावापर्यंत आले आणि थांबले.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाना, खरं सांग. तो आला का मेला?"

मालिकेचं विचारत होते. मला 'मेला' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? इतके दिवस तेच म्हणत होतो, आणि मी म्हटलं असतं तर त्यांनी विधी पुरा केला असता, बहिणीचं समाधान झालं असतं. मी वाळूवरच्या त्या लांब माणसाकडे बघितलं.

"त्यांनी दावलंच न्हाई, गुरुजी," मी म्हटलं. "जे दावलं न्हाई त्याला मेला कसं म्हनू?"

त्यांनी ओला हात उपरण्याला पुसला. मग एकेक देठ सुटा केला आणि पाण्यात सोडला. नारळ झटकून माझ्या हातात दिला. "संकल्प झाला नाही. हा अजून नुसता नारळ आहे." दुकानात येऊन फोडला. टायरवाला खोबरं तोंडात टाकत म्हणाला, "कशाचा परसाद?" गुरुजी म्हणाले, "कशाचाच नाही. खा."

त्या दिवसानंतर आमचा वाद संपला. ते येऊन बसत, चहा घेत, साखर जास्त आहे म्हणत. मी मुद्दाम एकदा म्हटलं, "वाराच व्हता तो." ते म्हणाले, "असेल." मला आवडलं नाही ते.

मागच्या थंडीत ते गेले. दोन दिवस ताप आणि संपलं. दुधाची पिशवी दारात तशीच दिसली म्हणून शेजाऱ्यांनी मला फोन केला.

दहाव्याला मीच डोकं करायला होतो. पारनेरचा भाचा आला होता, बहीण लांब बसून रडत होती. विधीला नवा गुरुजी, तरणा, गळ्यात मोबाईल अडकवलेला. भाच्याला समोर बसवून त्याने विचारलं, "तुम्ही भाचे. यांना मुलगा नाही का? की गेला? संकल्पात तसं म्हणावं लागेल."

भाचा खाली बघायला लागला. बहिणीने रडणं थांबवलं. तो तरणा गुरुजी माझ्याकडे बघत होता, कारण तिथे वयाने मीच मोठा होतो.

"हाय," मी म्हटलं. "मुलगा हाय. परगावी हाय, येळंवर पोचला न्हाई. त्याच्या वतीनं भाचा करतोय, आसं म्हना."

त्याने मान हलवली आणि मंत्र सुरू केला. भाच्याने डोकं पुढे केलं. मी त्याच्या केसांना पाणी लावलं.